पोस्टरखालचे शुभेच्छुक

माझा आवाज पूर्वी ओट्यावरून थेट विहिरीपर्यंत जायचा. निमोण्यात आमच्या शेताच्या टोकाला मोटार चालू असली, तरी "अहो, जेवायला या" एवढं मी एकदाच म्हणायची. नवरा तर यायचाच, शिवाय शेजारच्या वावरातली माणसंही मान वर करून बघायची. शिरूरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तिथं मी कधी टेबलावर डस्टर आपटला नाही, गरजच पडली नाही. माझा एक तास दोन वर्गांना ऐकू जातो, असं पोरं म्हणायची आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्या आनंदात आवाजाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. टाके सुकले, सगळे भेटून गेले, आणि माझ्या तोंडून मात्र नुसता वारा येत राहिला. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, थांबून बघू, येईल हळूहळू, पण सगळा येईल असं सांगता येत नाही. आला तो थोडासाच, बारीक आणि फुसका, सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा. चार वाक्यं बोललं की तोही दमायचा.

राग काही त्यांनी ऑपरेशनमध्ये काढला नव्हता. तो होता तसाच राहिला. पण रागवायला आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. नुसते डोळे तरी किती वटारणार?

आमच्या संसारात बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. दूध घालणाऱ्याशी हुज्जत, पाहुण्यांची उठबस, बँकेतल्या साहेबांना चार शब्द सुनावणं, सगळं मी करायची. नवरा "हूं" म्हणायचा. त्या एका हूंमध्ये त्याचा होकार, नकार, कौतुक आणि भूक सगळं मावायचं. माझा आवाज गेल्यावर हा बोलायला लागेल असं सासूबाईंना वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पण मी तोंड उघडलं की तो टीव्ही बंद करायचा. पंखा बंद करायचा. एकदा जेवताना मी काहीतरी सांगायला लागले, तर घास चावायचा थांबला. तोंडात पापड तसाच, गाल फुगलेला, नजर माझ्याकडे. मला हसू आलं आणि रडूही.

कॉलेजात मात्र पंखा बंद करून भागत नव्हतं. कमरेला बांधायचा छोटा माईक आणून बघितला, तर आवाजाबरोबर श्वासही मोठा झाला. वर्गात मांजर फिस्कारतंय असं वाटायचं. पोरं हसली, मीही हसले, आणि माईक कपाटात गेला. मग एक दिवस तासाला गलका वाढला तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "गप बसा की रे, मॅडमना किती तरास व्हतोय." वर्ग एकदम शांत झाला. ती पोर मायेनंच बोलली होती. पण त्या शांततेत मला आजारी माणसाच्या खोलीसारखं वाटलं. घंटा होईपर्यंत मी कशीबशी उभी राहिले.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस भला. म्हणाले, ग्रंथालयाचं काम बघता का, बोलायला लागणार नाही, जिवाला आराम. विचार करून सांगा. मी म्हटलं, दौंडची परिषद होऊ द्या, मग सांगते.

दौंडच्या एका कॉलेजात मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्यांची परिषद होती. निबंध वाचायचा नाहीतर पोस्टर लावायचं, असे दोन पर्याय होते. मी पोस्टर निवडलं. कारण उघड होतं, पोस्टर आपलं आपण बोलतं. मनाशी ठरवलं की तिथं चार अनोळखी माणसांना माझं काम समजावता आलं तर वर्ग सोडायचा नाही. नाही आलं तर ग्रंथालय. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो हूं म्हणाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ग्रंथालयात तर कोणच बोलत न्हाई. तू काय करशील तिथं?"

काम तसं साधं होतं. काकडीचं, कारल्याचं फूल सकाळी उमलतं. मधमाशी त्यावर सकाळीच येते. आणि आमच्याकडे फवारणीही सकाळीच करतात, कारण तेव्हा ऊन नसतं. मी नवऱ्याच्या निमोण्यातल्या आणि माझ्या भावाच्या यवतच्या प्लॉटात बघत होते, की फवारणी संध्याकाळी केली तर माश्या किती येतात आणि फळ कसं धरतं. भावानं फवारणी सकाळचीच ठेवली, नवऱ्यानं माझ्यासाठी वेळ बदलली. अंधार पडेस्तोवर पाठीवर पंप घेऊन फिरायचा. का, कशाला, असं एकदाही विचारलं नाही.

पहिलं पोस्टर मी तयार केलं त्यात अख्खा प्रबंध ओतला. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, तक्ते, संदर्भ, आभार. बोलता येत नाही ना, मग सगळं लिहूनच टाकू, कुणी काही विचारायलाच नको. माझ्या मार्गदर्शक बाई आता निवृत्त होऊन पुण्यात असतात. त्यांना ते फोनवर पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला.

"हे पोस्टर नाही, ही भिंत आहे," त्या म्हणाल्या. "लोकांनी तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून बांधलीस."

मी पोस्टर पुन्हा उघडून बघितलं. 

"अगं, हातात चहाचा कप घेऊन फिरणारा माणूस तुला थांबवायचाय. दोन मिनिटांत त्याचं वाचून झालं पाहिजे, आणि तुला विचारावं असं काहीतरी त्याच्या मनात राहिलं पाहिजे. सगळं सांगून टाकलंस तर तो जाणारच की पुढे."

विचारावं असं काहीतरी राहिलं पाहिजे. मला नेमकी त्याचीच धास्ती होती.

मग काटछाट सुरू झाली. कागदाला कागद चिकटवून मी खऱ्या मापाचं पोस्टर केलं आणि आमच्या कांदे साठवायच्या चाळीच्या लाकडी पट्ट्यांना खिळ्यांनी ठोकलं. नवऱ्याला फाटकापाशी उभं केलं. इतक्या लांब माझा आवाज जाईना, म्हणून हातानंच खूण केली, काय दिसतंय?

"मुंग्या," तो तिथून ओरडला.

अक्षरं मोठी केली, मजकूर निम्मा केला. परत ठोकलं. आता मुंग्यांचे मुंगळे झाले होते. एकेक परिच्छेद काढताना जीव तुटत होता. कडक उन्हात उभं राहून केलेली मोजणी, वही भिजली म्हणून पुन्हा केलेली मोजणी, त्याचा पोस्टरवर एक शब्द नाही. तक्ते गेले, त्यांच्या जागी माश्यांचे दोन खांब आले, सकाळच्या फवारणीचा बुटका, संध्याकाळच्या फवारणीचा उंच. पिवळ्यावर हिरवी अक्षरं मला आवडायची, ती बाईंनी काढायला लावली. पांढऱ्यावर काळं, बस्स. शेवटी मधोमध काकडीच्या फुलात शिरलेली मधमाशी, दोन बाजूंना दोन प्लॉट, खाली तीन ओळी. आणि वर मथळा, "फवारणी सकाळी की संध्याकाळी? मधमाशीला विचारा." त्या दिवशी नवऱ्यानं फाटकापासून मथळा घडाघडा वाचला, आणि वाचता वाचता पुढे चालत आला. मला तेवढंच हवं होतं.

यवतला माझ्या भावाच्या मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दशक्रिया, सगळ्याचे फ्लेक्स तोच छापतो. भावानं फाइल त्याच्याकडे नेऊन दिली. छपाईच्या दिवशी त्या दुकानदाराचा मला फोन आला.

"ताई, खाली पट्टा मोकळा ऱ्हातोय. तिथं काय टाकायचं?"

"काही नको," मी म्हटलं. "मोकळाच राहू दे."

"हॅलो? हॅलो ताई?"

मी जिवाच्या आकांतानं बोलले. त्याला पलीकडे नुसती हवा ऐकू आली असणार. "रेंज न्हाई वाटतं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. नंतर मी लावला तर उचलेना. मोकळी जागा मोकळी राहील, त्यात काय बिघडतंय, असं म्हणून मीही सोडून दिलं.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं यवतला माहेरी मुक्कामाला गेलो. भावानं मोठ्या कौतुकानं फ्लेक्स आणला आणि पलंगावर उलगडला. मथळा झकास आला होता. मधमाशीच्या पायाला लागलेला परागही दिसत होता. मग खालची घडी उघडली. सोनेरी वेलबुट्टी, त्यात लाल अक्षरात "शुभेच्छुक", आणि त्याखाली चार फोटो. फेटा बांधलेले माझे वडील. टोपीतले सासरे. गॉगल लावलेला भाऊ. आणि हात जोडून उभा असलेला माझा नवरा. त्याचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, कापलेल्या पाहुण्याचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघाला तो फुस्स आवाज. भाऊ आधी हसला, मग माझा चेहरा बघून सावरला.

"अगं ताई, तू फोनवर काय बोलंना, मग त्यानं मला इच्यारलं," तो म्हणाला. "एवढं मोठं काम केलं तू. आन् खाली कोणच न्हाई? बघणारा म्हणंल, हिच्या मागं कोण हाय का न्हाई."

यावर रागवायचं कसं? आमच्याकडे पोरगं बारावी पास झालं तरी त्याच्या फोटोखाली सारी भावकी उभी राहते. खाली कुणी नसलेला फ्लेक्स म्हणजे एकटं पडलेलं माणूस. माझं एवढ्यात काय झालं होतं ते भावानं पाहिलं होतं. मला एकटी दिसू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तरी मी सोडलं नाही. कानाशी जाऊन विचारलं, "मग आई कुठाय? सासूबाई कुठायत? की शुभेच्छा पुरुषच देतात?"

त्यानं डोकं खाजवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला नको गं बाई. मी आपली हितंच बरी."

दुकान बंद झालं होतं आणि सकाळी लवकर निघायचं होतं. पट्टा कापावा तर फ्लेक्सची शिवण आणि टांगायच्या रिंगा जात होत्या. नवऱ्यानं तो पट्टा मागं दुमडला आणि चिकटपट्टी लावून दाबून बसवला. शुभेच्छुक पाठीमागं गेले.

दौंडच्या त्या सभागृहात पोस्टरांच्या रांगाच रांगा होत्या. भिंतीला मोठे उभे पंखे घरघरत होते. माझं पोस्टर लांबून दिसत होतं, त्यात काही कमी नव्हतं. माणसं थांबत होती, वाचत होती, आणि विचारतही होती. घोडं पेंड खात होतं ते तिथंच. पहिल्या बाईंनी विचारलं, कीड वाढत नाही का संध्याकाळपर्यंत? मी उत्तर दिलं. त्या वाकल्या, "काय म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. त्या छान हसल्या, "हो का, वा," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. दुसऱ्यांनी सांगितलं, घसा बसलाय तुमचा, हळद घालून दूध घ्या. तिसरे नुसतेच "छान, छान" म्हणत पुढे सरकले. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं आमचे वडील बाजारातून आले की म्हणायचे. ते माझ्यासमोर घडत होतं.

दुपारपर्यंत माझा धीर सुटला. ग्रंथालयाच्या खिडकीतून चिंच दिसते, थंडगार असतं तिथं, असं मी मनाला सांगायला लागले. नवरा बाजूला भिंतीला टेकून उभा होता. त्याला खुणेनं म्हटलं, जेवण झालं की निघू या. तो हूं म्हणाला नाही.

तेवढ्यात चिकटपट्टी सुटली. पंख्याचा वारा म्हणा, उकाडा म्हणा, फ्लेक्सचा पट्टा फटकन खाली पडला आणि चौघं शुभेच्छुक सोनेरी वेलबुट्टीत सगळ्यांसमोर उभे राहिले. समोरून परीक्षकांचा घोळका येत होता, मागं विद्यार्थी. कुणीतरी म्हणालं, "निवडणूक आहे का ओ?" हशा पिकला. माझे कान तापले. मी वाकून पट्टा उचलायला गेले, तर एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक फोटोकडे आणि मग भिंतीपाशी उभ्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "हे तुम्हीच ना?"

सगळा घोळका त्याच्याकडे वळला. एका परीक्षकांनी विचारलं, "सर, जरा सांगा ना, हा प्रयोग कसा केलात?"

त्याला सांगता आलं असतं. एक प्लॉट त्याचा, संध्याकाळची फवारणी त्याची, निम्म्या मोजण्या आम्ही बरोबर केलेल्या. आवाजही खणखणीत. तो बोलला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं, पोस्टरची लाज राहिली असती, आणि मी ग्रंथालयात गेले असते. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. त्याला मदत करायची होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. 

त्यानं फोटोतल्यासारखेच हात जोडले. "मी नुसता शुभेच्छुक हाय," तो म्हणाला.

लोक हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं.

"काम यांचं हाय. आवाज बारीक हाय त्यांचा, पर सांगत्यात चांगलं. जरा जवळ या, म्हंजी ऐकू यील."

माझ्या ऐकण्यात हे त्याचं सगळ्यात लांब भाषण. एवढं बोलून तो भिंतीपाशी गेला, आमच्याजवळचा पंखा बंद केला आणि स्वतः लोकांच्या मागं जाऊन उभा राहिला.  मग ते पांढऱ्या केसांचे प्राध्यापक दोन पावलं पुढे आले. त्यांच्यामागून विद्यार्थी आले. माझ्याभोवती माणसांचं कडं झालं, इतकं जवळ की एकाच्या शर्टाला लागलेला खडू मला दिसत होता. मी बोलायला सुरुवात केली. ओरडायचा प्रयत्नच केला नाही. आहे त्या आवाजात बोलले, आणि माणसांनी माना पुढे काढून ऐकलं.

आणि मग त्या प्राध्यापकांनी मला पकडलं. "दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही. मग तुमची संध्याकाळची फवारणी तिथं काय करणार?" हे माझ्या पोस्टरवर नव्हतं, काटछाटीत गेलं होतं. मी सांगितलं, तिथं सकाळीच फवारायचं. त्यांना ते मान्य होईना. मी म्हटलं, तुम्ही वेलाखाली कधी उभे राहिलायत का? ते म्हणाले, माझं बालपणच वेलाखाली गेलंय. आमची जुंपली. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी भांडते आहे. त्या फुसक्या आवाजात, हातवारे करत, पहिल्यासारखी भांडते आहे. मला इतका आनंद झाला की पुढचा मुद्दाच विसरले.

घोळका पांगला तेव्हा नवरा दिसेना. तो बाहेर चहाच्या गाडीपाशी सापडला, दोन कप घेऊन, एक माझा.

"कुठं गेलात?" मी विचारलं.

"तिथं थांबलो असतो तर मधनं मधनं माझ्याकडं बघितलं असतं त्यांनी."

"ऐकलंत का, मी काय बोलले ते?"

"न्हाई. लांब दारात व्हतो. पर तुझे हात दिसत व्हते." तो चहात बघत म्हणाला, "लई दिवसांनी दिसले तसे."

मला रडू आलं. चहाच्या गाडीपाशी, लोकांसमोर, चांगलं भडभडून आलं. मला या माणसाबद्दल काय वाटतं ते मी आवाज होता तेव्हाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही सांगितलं. त्याच्या हातातला कप घेतला फक्त, कारण चहा सांडत होता.

बक्षीस दुसऱ्याच पोस्टरला मिळालं. ते चांगलंच होतं.

सोमवारी मी प्राचार्यांना नको म्हणून सांगितलं आणि वर्गात गेले. व्यासपीठावर चढले नाही, बाकांच्या मधे जाऊन उभी राहिले. "जवळ या," म्हटलं. जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, बाकं करकरत सरकली, काही पोरं खालीच मांडी घालून बसली. मी फुलाबद्दल आणि मधमाशीबद्दल बोलले, आवाज दमला की थांबत, मग पुन्हा. शेवटी विचारलं, ऐकू आलं का सगळ्यांना?

"ऐकू आलं मॅडम," एक पोरगा म्हणाला, "पर पटलं न्हाई."

मग कितीतरी महिन्यांनी मी वर्गात कुणालातरी मनसोक्त झापलं.